डोंगा बोलवायची खूण

समस्त वाचकवर्गास या ठिकाणी अत्यंत गांभीर्यपूर्वक जाहीर करण्यात येते की, यापुढे कोणीही, कुठल्याही कारणानं, कितीही प्रेमापोटी, हेलिकॉप्टरकडे पाहून डोक्यावर दोन्ही हात हलवू नयेत. ही सूचना लहान मुलं, वृद्ध, नवविवाहित जोडपी, आजी-माजी सरपंच आणि माझे वडील या सर्वांना सारखीच लागू आहे. माझ्या वडिलांना जरा जास्तच लागू आहे.

सूचना संपली. आता कारण सांगतो. त्यासाठी मला थोडं समुद्रावरून फिरून यावं लागेल आणि तुम्हाला माझ्या मागं बसावं लागेल. हातात दिवाळीच्या चकलीची ताटली असेल तर ती घट्ट धरा.

मी नौदलात हेलिकॉप्टर चालवत होतो. एवढ्या साध्या वाक्यानं माझ्या घरात जेवढा घोळ घातला, तेवढा दुसऱ्या कुणाच्या नोकरीनं घातला नसेल. आमचं गाव ब्रह्मपुरीच्या पुढं, वैनगंगेच्या काठावर. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण ज्या दिवसाची ही गोष्ट आहे त्या दिवशी ‘मी सगळ्यात पुढं होतो’ असं सांगणारे लोक आधीच गावच्या लोकसंख्येपेक्षा जास्त झाले आहेत. माझ्या वडिलांची हयात घाटावर डोंगा चालवण्यात गेली. डोंगा म्हणजे झाडाचं अख्खं खोड कोरून केलेली होडी. तिच्यात माणसं, सायकली, बकऱ्या, आणि लग्नसराईत बँडवाल्याच्या ढोलासकट अख्खी वरात बसून पलीकडे जायची.

आता आमच्या भागात विमानाला जहाज म्हणतात. हेलिकॉप्टरलाही जहाजच म्हणतात. आणि पाण्यातल्या जहाजाला जहाज म्हणायची वेळ कधी आलेलीच नव्हती. त्यामुळे मी पहिल्यांदा सुट्टीवर आलो तेव्हा घाटावर, भर लोकांत, हा संवाद झाला.

“का करतं जी तू थ्या नेवीत?” बाबांनी विचारलं.

“जहाज उडवतो, बाबा.”

“आन् उतरवतं कुठी?”

“जहाजावर.”

बाबांनी वल्हं खाली ठेवलं. “जहाज जहाजावर?”

“हो.”

“मंग खालचं जहाज कुठी उतरते?”

“ते उतरत नाही. ते पाण्यावरच असतं.”

“आन् वरचं त्याच्यावर कायले उतरते? जमीन संपली का?”

मी त्यांचं वल्हं उचलून डोंग्यात ठेवलं. बाबांनी मात्र पुढची कितीतरी वर्षं माझ्याबद्दल विचारणाऱ्याला एकच उत्तर दिलं: “पोट्टा हुशार हाये. नोकरीचं मातर काई समजून नाई राह्यलं.”

तर नोकरी अशी. बाहेरच्या माणसाला वाटतं, हेलिकॉप्टर उडवणं अवघड. उडवणं जमतं हो. अवघड आहे ते उतरवणं, आणि जहाजावर उतरवणं म्हणजे तर शुद्ध आगाऊपणा. जहाजाच्या मागच्या अंगाला एक छोटंसं अंगण असतं. आमच्या घरापुढची धान वाळवायची जागा त्याहून ऐसपैस आहे. समुद्र खवळला की हे अंगण वर जातं, खाली येतं, डावीकडे झुकतं, उजवीकडे झुकतं, आणि एवढं करून पुढं पळतही असतं. तुम्हाला तुमच्या चाकांखालचं काही दिसत नाही. दिसतो फक्त अंगणात उभा असलेला एक माणूस. अंगात पिवळं जाकीट, कानांवर जाड झाकणं, आणि हवेत दोन हात.

ते दोन हात म्हणजे तुमचं नशीब. हात सरळ वर आणि स्थिर असले, तर ‘माझ्याकडे ये’. आडवे पसरले, तर ‘आहेस तिथं थांब’. आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांवरून फुली मारत जोरजोरात हलवले, तर ‘उतरू नको, निघ इथून!’ यावर वाद नाही, चर्चा नाही, ‘अहो पण’ नाही. तुम्ही निघायचं, चक्कर मारायची, आणि नम्रपणे पुन्हा यायचं. बायको सोडली तर या जगात इतक्या मुकाट्यानं मी फक्त त्या पिवळ्या जाकिटाचं ऐकलं आहे.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. एकदा वादळात बुडत्या मच्छीमार बोटीवरून माणसं दोरानं वर ओढून घेत होतो. काखेत पट्टा अडकवायचा, हात खाली घट्ट दाबून धरायचे आणि वर यायचं, एवढंच त्यांचं काम. एक म्हातारा खलाशी वर आला तो प्रेशर कुकर कवटाळून. खाली बोट बुडते आहे, वर आमचं पातं गरगरतंय, दोर झोके खातोय, आणि दोर सांभाळणारा आमचा गडी ओरडतोय, “चाचा, फेंको उसको!” चाचा तिथून, अधांतरी लटकत, आमच्यावरच खेकसला, “कैसे फेंकू? सीटी हो गयी है!”

तळावर उतरल्यावर त्यानं सगळ्यांसमोर कुकर उघडला. आत मसूर घातलेली खिचडी होती. बोट गेली, जाळी गेली, आणि तो माणूस आम्हाला म्हणत होता, “पहले तुम लोग खाओ.” मी पुढं मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या मेजवान्या जेवलो. त्या खिचडीची चव कशालाच नव्हती. पुन्हा करायला सांगावी तर त्याचं नावही विचारून घेतलं नव्हतं, याची हळहळ वाटते.

निवृत्त झालो तेव्हा बरोबरीच्या काहींनी प्रवासी विमानं धरली, काहींनी शहरात घरं घेतली. मी गावी यायचं म्हणालो. शुभा, म्हणजे माझी बायको, ब्रह्मपुरीचीच. ती म्हणाली, “इतकी वर्षं मी तुमच्या मागं बिऱ्हाड घेऊन फिरले. आता तुम्ही माझ्या मागं फिरा.” तिनं ब्रह्मपुरीच्या शाळेत शिकवायला सुरुवात केली आणि मी तिला रोज जीपनं सोडू-आणू लागलो. वाटेत बाजारहाटवाले, दवाखान्यावाले, परीक्षावाले, कोंबड्यावाले असे सगळे चढायचे. नौदलात माझ्या हेलिकॉप्टरमध्ये इतकी गर्दी मी कधी होऊ दिली नव्हती.

गावानं माझी विद्या लगेच कामाला लावली. पहिल्याच उन्हाळ्यात एक बाई दारात कूलर घेऊन उभी. “पायलटभाऊ, कुई-कुई करून राह्यला जी.”

“बाई, मी हेलिकॉप्टर चालवत होतो.”

“मंग! हेलिकाप्टर म्हणजे का व्हय? मोठा पंखाच तं व्हय.”

तेव्हापासून आमच्या गावात जे जे गोल फिरतं ते ते माझ्याकडे येतं. कूलर, टेबलफॅन, मिक्सर, धान उफणायचा पंखा. चैत्र लागला की आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसते. लाज वाटण्याऐवजी मला त्यात भलतीच मजा येऊ लागली. एखादा मेलेला कूलर भर्रकन सुरू होतो आणि समोरच्या म्हातारीचा पदर उडतो, तेव्हा मला पुन्हा समुद्रावर गेल्यासारखं वाटतं.

एवढ्यावर भागलं नाही. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, आणि शाळेमागच्या मोठ्या मैदानावर नाटक होतं. आमच्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या माणसाला नाटक म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला समजावून सांगता येत नाही. अख्खं गाव सतरंज्या, गोधड्या, रिकामी पोती घेऊन जमिनीवर बसतं. मला त्यात इन्स्पेक्टरचं काम मिळालं, कारण वर्दी माझ्या घरची होती. नौदलाची वर्दी पांढरी असते हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मी चोराला पकडायला प्रवेश केला तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, “अबे, डॉक्टर काऊन आला?”

या मैदानाचा खरा राजा म्हणजे नारायणभाऊ. धंद्यानं शिंपी, पण मंडईच्या दिवशी नाटकाचा घोषणाकार. त्याच्यासमोर माईक ठेवला तर तो आधी माईक बाजूला सरकवतो. त्याला लागत नाही. त्याचं पहिलं वाक्य निघालं की उभे असलेले बसतात, बसलेले गप्प होतात आणि भांडणारे ‘नंतर पाहू’ म्हणून थांबतात. हे मी स्वतः पाहिलं होतं. त्याचा उपयोग मला व्हायचा आहे हे मात्र माहीत नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात नदी फुगली. वर धरणाची दारं उघडली, इकडे पाऊस थांबेना, आणि एका दिवसात आमच्या गावाचं बेट झालं. ब्रह्मपुरीचा रस्ता पाण्याखाली, पलीकडचा घाट दिसेनासा. गाव उंचावर, त्यामुळे घरात पाणी नव्हतं, चूल पेटत होती. तेवढ्यापुरतं ठीक होतं. पण माझ्या धाकट्या भावाची, दिवाकरची मुलगी पल्लवी घरी होती. तिला मुलचेऱ्याकडे दिलेली, पहिल्या बाळंतपणाला आलेली. दिवस भरत आले होते.

सकाळी गावच्या आशा सेविका मंदाबाई तिला तपासून बाहेर आल्या त्याच घाबऱ्या होऊन.

“पायलटभाऊ, बीपी भल्लं वाढलं जी. अंगावर सूज हाये. डोळ्यापुढं अंधारी येते म्हणते. झटके आले तं मी इथी काईच नाई करू शकत. हिले गडचिरोलीच्या दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता.”

दिवाकर उठून थेट बाबांकडे गेला. बाबा दारात काठी टेकून नदीकडे पाहत उभे होते. पाण्यातून अख्खी झाडं मुळांसकट वाहून जात होती.

“बाबा, डोंगा काढू का?”

बाबांनी कधी कुणाला घाटावरून परत पाठवलं नव्हतं. त्यांनी वाहत्या झाडांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, “नाई रे बापा. आज थे आपलं ऐकून नाई राह्यली.” आणि आत जाऊन पल्लवीच्या उशाशी बसले.

गावात फोनची रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर मिळते. मी टाकीची शिडी चढलो. तहसील कचेरीतल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, पूरग्रस्त गावांसाठी नागपूरकडून हेलिकॉप्टर निघालेलं आहे, तुमच्याकडे वळवता येईल, पण उतरायला जागा आहे का?

“जागा?” मी म्हणालो. काय सांगू, अंगात वीज आली. “साहेब, जागा मी करतो.”

शाळेमागचं मैदान. मंडईचं तेच. मी अख्ख्या गावाला कामाला लावलं. शाळेचे सुटे पत्रे उचलून आत टाकले. ताडपत्र्या गुंडाळल्या. बकऱ्या, कोंबड्या, वाळत घातलेली लुगडी, जे जे उडू शकतं ते ते हटवलं. हेलिकॉप्टर उतरताना खाली असा वारा सुटतो की साधा पत्राही तलवारीसारखा फिरतो. ग्रामपंचायतीत रंगकामाचा चुना होता, तो कालवून मैदानाच्या मधोमध भलामोठा इंग्रजी ‘एच’ काढला. एका कडेला ओली तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, पेटवून धूर केला.

“धूर कायले?” बाबांनी विचारलं. पल्लवीला बाजेवर घालून शाळेच्या व्हरांड्यात आणली होती आणि बाबा तिच्यासोबत आले होते.

“वारा कुठून येतोय ते वरच्याला दिसावं म्हणून.”

“मले विचारलं असतं तं मी सांगतलं असतं.”

“तुम्ही त्याला कसं सांगणार, बाबा?”

“थो विचारन तं खरं!”

शेवटी मी सगळ्यांना शाळेच्या भिंतीमागं उभं केलं आणि बजावलं, “काहीही झालं तरी मैदानात यायचं नाही. मी एकटा उभा राहणार. समजलं?”

“हो जी!” गाव एका सुरात म्हणालं. इतकं शिस्तीत ‘हो जी’ मी नौदलातही ऐकलं नव्हतं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

ढगांआडून आवाज आला. आधी घरघर, मग थडथड. मी ‘एच’च्या पुढं वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिलो, दोन्ही हात सरळ वर केले. आयुष्यभर मी काचेच्या आतून ज्या माणसाकडे डोळे लावून होतो, तो माणूस आज मी होतो. छाती अशी फुलली की सदऱ्याचं बटण तटकन गेलं. हेलिकॉप्टर ढगातून खाली आलं, मैदानाच्या कडेला आलं, माझ्या समोर आलं, लटकलं.

आणि थांबलं. थोडं डुललं. मग नाक वळवून सरळ निघून गेलं.

मी वळून पाहिलं.

भिंतीमागं कुणीही नव्हतं. अख्खं गाव मैदानात होतं. बाया, बाप्ये, पोरं, सरपंच, मंदाबाईसुद्धा. आणि प्रत्येकाचे दोन्ही हात डोक्यावर, एकमेकांवरून फुली मारत, जीव खाऊन हलत होते. कुणाच्या हातात दुपट्टा, कुणाच्या हातात पदर. सगळ्यात पुढं माझे वडील. काठी टाकून दिलेली, पंचा काढून दोन्ही हातांनी फिरवत होते.

तुम्ही आमच्या घाटावर कधी उभे राहिला नसाल, म्हणून सांगतो. डोंगा पलीकडच्या काठावर असेल तर हाक पोचत नाही, पात्र मोठं आहे. मग काठावर उभं राहायचं, दोन्ही हात डोक्यावर न्यायचे आणि फुली मारत हलवायचे. याचा अर्थ, ‘इकडं ये! माणसं थांबली हायेत!’ आमच्याकडचं पोर चालायला लागायच्या आधी ही खूण शिकतं. मीसुद्धा शिकलो होतो. समुद्रावर जाऊन विसरलो होतो.

म्हणजे खाली अख्खं गाव जीव तोडून म्हणत होतं, ‘ये, ये, ये!’ आणि वरचा पायलट वाचत होता, ‘निघ, निघ, निघ!’ शिवाय मैदानभर माणसं आणि हातात उडणारी कापडं. तो शहाणा होता म्हणून गेला. त्याच्या जागी मीही गेलो असतो.

ते जाताना दिसलं तशी आणखीच धांदल उडाली. घाटावर डोंगेवाल्याचं लक्ष नसलं तर काय करतात? आणखी जोरात हात हलवतात!

“अरे, थ्याले दिसून नाई राह्यलं!” बाबा ओरडले. “उंच करा हात!”

हात उंच झाले. व्हरांड्यात पल्लवीची आई जयवंता रडायला लागली, “गेलं वं माय, गेलं...” पल्लवी बाजेवर डोळे मिटून पडली होती. मंदाबाई धावत तिच्याकडे परतल्या. हेलिकॉप्टर नदीवर वळत होतं. ते एक चक्कर मारेल हे मला माहीत होतं, दुसरी मारेलच असं नाही. पुढं आणखी गावं थांबलेली होती. मी ओरडलो, “हात खाली! मागं व्हा! बसा!” नौदलातला माझा ठेवणीतला आवाज होता तो. त्या गलक्यात माझ्या शेजारच्या माणसालाही ऐकू गेला नाही. तो शेजारचा माणूस नारायणभाऊ होता, आणि दोन्ही हातांनी तोही फुल्या मारत होता.

मी त्याचे हातच धरले. “नारायणभाऊ, ही खूण उलटी आहे! याचा अर्थ जा म्हणून होतो! यांना बसव. सगळ्यांना बसव, हात खाली करून!”

नारायणभाऊनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पल्लवीच्या बाजेकडे. मग दुपट्टा खांद्यावर नीट टाकला. अशा घाईतही त्यानं घसा खाकरला, हे मी शपथेवर सांगेन. आणि त्याचा मंडईचा आवाज सुटला.

“रसिक मायबाप हो! पडदा उघडून राह्यला! मांगच्याले दिसून नाई राह्यलं! खाली बसाऽऽ!”

गाव बसलं.

ज्याला जिथं चिखल मिळाला तिथं तो बसला. मांडी घालून, हात मांडीवर, तोंड मैदानाच्या मध्याकडे. सरपंच बसले. बाबा बसले. आईच्या कडेवरची पोरं आईच्या मांडीवर बसली. कुणीतरी सवयीनं मागं वळून “श्श!” सुद्धा केलं. आणि रंगमंचावर उभा राहिलो मी एकटा, दोन्ही हात सरळ वर, स्थिर.

वरच्यानं पाहिलं असणार. काही क्षणांपूर्वी हात हलवणारी गर्दी खाली बसलेली, मध्ये ‘एच’, आणि पुढं एकच माणूस, ज्याच्या हातांत घोळ नाही. हेलिकॉप्टरनं नाक वळवलं. आलं. माझ्या हातांकडे पाहत आलं. मी जरा डावीकडे घेतलं, ते डावीकडे आलं. मी थांबवलं, थांबलं. हात खाली आणले, आणि त्या लोखंडी देहाची चाकं अलगद आमच्या मंडईच्या मातीवर टेकली. वाऱ्यानं धूर, पाणी, चिखल आणि नारायणभाऊचा दुपट्टा असं सगळं शाळेवरून पलीकडे गेलं. कुणी जागचं हललं नाही. नाटक रंगात आल्यावर आमच्याकडे कुणी उठत नाही.

आम्ही पल्लवीला बाजेसकट उचललं. दार उघडून खाली उतरलेल्या जवानानं तिला सफाईनं आत घेतलं, जयवंताला चढवलं आणि माझ्या कानात ओरडला, “सर, ये लोग पहले मना क्यों कर रहे थे?”

“मना नहीं कर रहे थे,” मी ओरडलो, “बुला रहे थे!”

त्याचा चेहरा जसा झाला, तसा माझ्या बाबांचा ‘जहाज जहाजावर’ ऐकताना झाला होता.

हेलिकॉप्टर उठलं. पात्यांचा आवाज गडचिरोलीच्या दिशेला लहान होत गेला आणि मी तिथंच, हात खाली सोडून, पाहत उभा राहिलो. खरं सांगू? एक गोष्ट तेव्हा पहिल्यांदा टोचली. इतकी वर्षं उडलो, पण सगळं समुद्रावर. माझं गाव, माझ्या घराचे कवेलू, म्हणजे छपरावरची कौलं, मी वरून कधीच पाहिली नाहीत. कधी या बाजूला येणंच झालं नाही. काचेला नाक लावून ते पाहायची संधी पल्लवीला मिळाली होती, तीही कुठल्या अवस्थेत.

मग वाट पाहणं सुरू झालं. मी टाकीवर चढून बसलो. शिडीच्या मध्यावर नारायणभाऊ, खाली दिवाकर, बाबा, शुभा आणि जवळजवळ सगळं गाव, मैदानातून उठून टाकीखाली येऊन बसलेलं. शुभानं मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, चहा ठेवला. कुणी घेतला नाही. दिवाकर टाकीच्या खांबाला पाठ लावून बसला होता आणि मधूनमधून वर पाहून नुसती मान हलवायचा, ‘आला का?’ मी नकाराची मान हलवायचो. मंदाबाई हात जोडून बसल्या होत्या. बाबांनी मात्र एकदा विचारलं, “थे जहाज पोचलं असन ना रे?” त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. मी वरून सांगितलं, “पोचलं असेल, बाबा.”

दुपार कलल्यावर फोन वाजला. जयवंता. ती आधी नुसती रडली. मग कळलं, ती हसता हसता रडते आहे.

“भाऊजी, पोट्टी झाली! आपरेशन करा लागलं. डाक्टरीनबाई म्हणे, वेळेवर आणली. दोघीबी चांगल्या हायेत!”

मी ते नारायणभाऊला सांगितलं आणि नारायणभाऊनं ते वैनगंगेच्या दोन्ही काठांना सांगितलं. खाली जो कल्ला उठला तो ऐकून झाडावरचे बगळे उडाले. दिवाकर मंदाबाईंच्या पायाच पडायला लागला, त्या “अजी भाऊ, का करता जी!” म्हणत मागं मागं सरकत होत्या. बाबा काठी आपटत होते. शुभा पदरानं डोळे पुसत एकाच वेळी सगळ्यांना चहा देत होती आणि सगळ्यांवर ओरडत होती.

तेवढ्यात फोनवर जयवंता म्हणाली, “थांबा भाऊजी, पल्लवी म्हणते, मोठेबाबाशीच बोलाचं हाये. डाक्टरीनबाई नको म्हणून राह्यली, तरी आयकत नाई.”

मोठेबाबा म्हणजे मी, तिचा मोठा काका. मी फोनचा स्पीकर लावला. नारायणभाऊनं एक हात वर केला आणि खाली सारं चिडीचूप झालं. ती आभार मानेल, आणि मग आपण जरा लवून, ‘अगं वेडे, त्यात काय एवढं’ असं काहीसं म्हणायचं, अशी मी मनातल्या मनात तयारीही केली. फोनमधून आधी तिचा श्वास ऐकू आला. मग दमलेला, पण चांगलाच खणखणीत आवाज:

“मोठेबाबा, आपल्या कवेलूवर मांगच्या बाजूनं भल्ला मोठा कोहळा लागला हाये जी! वरून दिसला मले. काढून घ्या लवकर, नाई तं वांदरं नेतीन!”